तप्त सरोवरांचा प्रदेश आणि त्याचे पाहुणे

आपल्याकडे नाताळची सुटी म्हणजे थंडीचे दिवस. दक्षिण गोलार्धांत मात्र त्याच सुमारास भर उन्हाळा असतो. त्या दिवसांत न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील तौरांगा या बंदरांत भल्या पहाटे सफरीचीं मोठमोठीं जहाजें येऊन लागतात. बंदराच्या तोंडाशींच शंकूच्या आकाराचा एक डोंगर उभा आहे. त्याची उंची अवघी २३२ मीटर. पण सभोंवार सपाट वाळू आणि समुद्र असल्यामुळें तो आहे त्याहून कितीतरी भव्य दिसतो. किनाऱ्यावर पोहुतुकावा नांवाचे वृक्ष ऐन डिसेंबरांत तांबड्या फुलांनीं बहरलेले असतात. या डोंगराचें नांव मावाओ. माओरी लोकांची कथा अशी कीं, हा पूर्वीं दूर अंतर्भागांत राहणारा एक निनांवी डोंगर होता. त्याचें एका सुंदर टेकडीवर प्रेम बसलें. परंतु तिचें मन दुसऱ्या पर्वताकडे होतें. निराश होऊन त्यानें रात्रींच्या वनदेवतांना विनविलें, कीं मला ओढून समुद्रांत नेऊन बुडवा. त्यांनीं मंत्रबळानें दोर वळून त्याला समुद्रकांठापर्यंत आणलें. पण तेवढ्यांत तांबडें फुटलें. उजेडाला भिणाऱ्या त्या देवता पळून गेल्या आणि डोंगर जेथल्या तेथें राहिला. ‘मावाओ’ याचा अर्थच ‘उजाडतांना अडकलेला’ असा सांगतात.

त्या डोंगराच्या पायथ्याशीं जहाजावरचे प्रवासी उतरतात, रांगेनें उभ्या असलेल्या गाड्यांत बसतात, आणि कीवी फळांचे मळे व दाट रानें ओलांडून तास-सव्वा तासांत रोटोरुआ या गांवीं पोंचतात. गांव दिसण्याच्या आधीं त्याचा वास येतो, तो गंधकाचा. मग उकळत्या पाण्याचीं कारंजीं, खदखदणारा चिखल, कोरीव काम केलेलीं सभागृहें, माओरींचें नृत्य, आणि जमिनीच्या वाफेवर शिजविलेलें अन्न, असा तो दिवस जातो. संध्याकाळीं जहाजाचा भोंगा होण्यापूर्वीं सर्वांना परतावें लागतें.

सहलीच्या जाहिरातींत हा दिवस दोन ओळींत मावतो. परंतु त्या दोन ओळींमागें दीडशें वर्षांचा इतिहास उभा आहे. आज मला आपल्यापुढें मांडावयाचा आहे तो हा इतिहास, म्हणजे एका विलक्षण भूमीचा, तिच्या यजमानांचा आणि तिच्या पाहुण्यांचा. ही भूमि दाखविली कोणी, तिच्या शोभेचें मोल घेतलें कोणी, आणि त्या शोभेची किंमत दिली कोणी, हे तीन प्रश्न मनांत ठेवून आपण या वाटेनें जाऊं.

प्रथम भूमीचें स्वरूप पाहूं. न्यूझीलंडच्या पूर्वेस पॅसिफिक महासागराचा तळ हळूहळू खालीं सरकत उत्तर बेटाच्या पोटांत शिरत आहे. खालीं जाणाऱ्या त्या तळांतून सुटणाऱ्या पाण्यामुळें वरचा तप्त खडक वितळतो आणि त्याचा रस वर येतो. त्यामुळें बेटाच्या मध्यभागापासून ईशान्येकडे थेट समुद्रापर्यंत ज्वालामुखींचा एक पट्टा पसरला आहे. या पट्ट्यांत पूर्वीं असे प्रचंड स्फोट झाले कीं, रस बाहेर पडल्यानंतर वरचा भूभाग आंत खचला आणि त्या खळग्यांत पाणी सांचून सरोवरें झालीं. रोटोरुआ सरोवर हें अशाच एका खळग्यांत असून त्याचें वय सुमारें दोन लक्ष चाळीस हजार वर्षें समजतात. त्याच्या आसपास अशीं डझनाहून अधिक सरोवरें आहेत. कांहीं निळीं, कांहीं हिरवीं, तर कांहींच्या कांठावर सदैव वाफ उठत असते.

भूगर्भशास्त्रज्ञांचा हा नकाशा माओरींना त्यांच्या परीनें पूर्वींपासून ठाऊक होता असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. या प्रदेशांतील लोक स्वतःस ते आरावा म्हणवितात; त्या नांवाच्या नौकेंतून आपले पूर्वज समुद्रापलीकडील मूळ भूमीहून आले, अशी त्यांची परंपरा आहे. त्या नौकेवरचा पुरोहित न्गातोरोइरांगी हा दक्षिणेकडील बर्फाच्छादित पर्वतावर चढला आणि थंडीनें गारठून मरणोन्मुख झाला. तेव्हां त्यानें दूरच्या मूळ भूमींत असलेल्या आपल्या बहिणींना हांक मारून अग्नि पाठविण्याची याचना केली. अग्नि समुद्राखालून निघाला. व्हाकारी या बेटावर त्यानें प्रथम डोकें वर काढलें, नंतर रोटोरुआच्या परिसरांत जागोजाग तो प्रकट झाला, आणि शेवटीं पर्वतावर भावाजवळ पोंचला. ज्या ज्या ठिकाणीं त्या अग्नीनें श्वास घेतला तेथें तेथें आज उष्ण झरे आहेत. कथेंतला हा मार्ग आणि शास्त्रज्ञांनीं आंखलेला ज्वालामुखींचा पट्टा हे एकच आहेत. व्हाकारी हें नांव श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. शेवटीं आपल्याला तेथें पुन्हां यावयाचें आहे.

आतां पाहुण्यांकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या प्रदेशाची कीर्ति जगभर पसरली ती दोन आश्चर्यांमुळें. रोटोरुआपासून कांहीं कोसांवर तारावेरा नांवाचा पर्वत आणि त्याच नांवाचें सरोवर आहे. त्यापलीकडे रोटोमाहाना, म्हणजे ‘उष्ण सरोवर’, नांवाचें एक लहानसें उथळ तळें होतें. त्याच्या एका तीरावर उतरत्या डोंगराच्या अंगावर शुभ्र पायऱ्यांचा एक विस्तीर्ण सोपान होता; माओरी त्याला ते ताराता म्हणत. समोरच्या तीरावर दुसरा सोपान होता. त्याचा रंग गुलाबी असून त्याचें नांव ओतुकापुआरांगी. वरच्या कुंडांतील उकळतें पाणी खडकांतून सिलिका, म्हणजे गारगोटींतलें द्रव्य, विरघळवून आणी. तें खालीं वाहतांना निवे, आणि निवतां निवतां त्या द्रव्याचा पातळ थर मागें ठेवी. शेंकडों वर्षें असे थरावर थर बसून पायऱ्या घडल्या होत्या, आणि प्रत्येक पायरी म्हणजे निळ्या पाण्यानें भरलेलें एक कुंड होतें. पांढरा सोपान सुमारें तीन हेक्टर जागेवर पसरलेला होता व तीस मीटर खालीं उतरत होता. गुलाबी सोपानाचीं कुंडें स्नानास योग्य असल्यानें प्रवासी दिवसाचा शेवट तेथें करीत.

फर्दिनांद फॉन होख्श्टेटर हा भूगर्भवेत्ता १८५९ सालीं तेथें गेला आणि त्यानें रोटोमाहानाची मापें घेऊन नकाशा केला. १८७० सालीं व्हिक्टोरिया राणीचा पुत्र प्रिन्स आल्फ्रेड याची स्वारी तेथें येऊन गेली. हा राजपुत्र मुंबईकरांना अनोळखी नाहीं. त्याच वर्षीं तो मुंबईस आला होता आणि त्या भेटीचें स्मारक म्हणून खलाशांसाठीं ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’ ही इमारत बांधण्यांत आली. अपोलो बंदराजवळच्या या वास्तूंत पुढें महाराष्ट्राच्या पोलीस दलाचें मुख्यालय आलें. राजपुत्र जाऊन आल्यावर त्या वाटेला प्रतिष्ठा प्राप्त झाली. १८७२ सालीं इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप यानें तेथें जाऊन गुलाबी कुंडांत स्नान केलें आणि त्याविषयीं लिहिलें. चित्रकार आले, छायाचित्रकार आले, आणि त्यांच्या चित्रांनीं आणखी प्रवासी आणले.

विशेष लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या काळचे पुष्कळ प्रवासी ऑकलंडहून आगबोटीनें याच तौरांगा बंदरांत उतरत. तेथून घोड्यावर किंवा घोडागाडींतून ते रोटोरुआ सरोवराच्या कांठीं ओहिनेमुतू या गांवीं जात. तेथून पुढें ते वाइरोआ या खेड्यांत मुक्काम करीत. दुसऱ्या दिवशीं वल्ह्यांच्या नावेंतून तारावेरा सरोवर ओलांडावयाचें, मग थोडें पायीं चालावयाचें, आणि रोटोमाहानाचे सोपान पाहून त्याच वाटेनें परतावयाचें, असा क्रम होता. म्हणजे आजच्या जहाजावरून उतरणारा प्रवासी एका दिवसांत जी वाट संपवितो ती नवी नसून त्याच्या पणजोबांच्या काळची आहे. फरक इतकाच, कीं पूर्वीं ती चालून जाण्यास कित्येक दिवस लागत, आणि त्या दिवसांत यजमानाची ओळख होत असे.

हे यजमान कोण? सोपानांची भूमि तुहोउरांगी या माओरी कुळाची होती, आणि तिचा सर्व कारभार त्यांच्याच हातीं होता. नावा त्यांच्या, वल्हेकरी त्यांचे, मार्गदर्शक त्यांचे. चित्रें काढणाऱ्यांकडून व छायाचित्रें घेणाऱ्यांकडून ते वेगळें शुल्क घेत. कित्येक गोरे प्रवासी यावरून कुरकुर करीत. माओरी लोभी झाले आहेत असें लिहीत. परंतु आपल्या घरची वस्तु दाखविण्याचें मोल घेणें यांत अधर्म तो कोणता? त्याच प्रवाशांपैकीं अनेकांनीं सोपानांच्या गुलाबी अंगावर पेन्सिलीनें आपलीं नांवें लिहून ठेविलीं होतीं. सिलिकेचा पारदर्शक थर त्या अक्षरांवर बसे आणि तीं नांवें पुसली जाण्याऐवजीं अधिकच पक्कीं होत. पाहुण्याचा लोभ असा निसर्गानेंच जपून ठेविला होता.

मार्गदर्शकांत दोन स्त्रिया अग्रगण्य होत्या. एक केट मिडलमास आणि दुसरी सोफिया हिनेरांगी. सोफियाची आई माओरी आणि बाप स्कॉटलंडचा लोहार. तिला इंग्रजी उत्तम येत असे. तिचा आवाज शांत, चालणें धीमें, आणि पाहुणा कोण आहे तें पाहून काय सांगावें व काय सांगूं नये याची तिला पूर्ण जाण होती. तुहोउरांगींच्या भरभराटीचें प्रतीक म्हणजे १८८१ सालीं ते वाइरोआ येथें बांधलेलें हिनेमिही हें कोरीव सभागृह. पूर्वजांच्या मूर्तींना शिंपल्यांचे डोळे बसविण्याची रीत. पण या सभागृहांतील मूर्तींना सोन्याच्या नाण्यांचे डोळे बसविले होते, असें सांगतात. त्या नाण्यांतून त्यांची संपत्तिच पाहुण्यांकडे पाहत होती म्हणा ना.

१८८६ सालच्या मे महिन्याच्या ३१ तारखेस सोफिया प्रवाशांची एक तुकडी घेऊन निघाली. त्या सकाळीं गांवाजवळच्या ओढ्याचें पाणी एकाएकीं ओसरलें आणि पुन्हां वेगानें चढलें. नाव सरोवरांत गेल्यावर प्रवाशांना आणि वल्हेकऱ्यांना दूर एक युद्धनौका जातांना दिसली. तशी नौका त्या सरोवरावर कोणाचीच नव्हती. गोऱ्या प्रवाशांनींहि ती पाहिल्याचें लिहून ठेविलें आहे. ती काय होती याविषयीं नाना तर्क झाले. तारावेरा पर्वतावर पुरलेल्या पूर्वजांचा तो इशारा होता, असा माओरींचा समज झाला. तुहोतो नांवाचा एक अतिवृद्ध पुरोहित त्या गांवांत होता. हें अरिष्टाचें चिन्ह आहे असें त्यानें सांगितल्याचें परंपरा सांगते.

अकराव्या दिवशीं, म्हणजे १० जून १८८६ रोजीं, मध्यरात्रीनंतर भूकंपाचे धक्के बसूं लागले. दोनच्या सुमारास तारावेराचें एक शिखर फुटलें. मग दुसरें, मग तिसरें. साऱ्या पर्वताला आडवी चीर पडली. साडेतीनच्या सुमारास ती चीर रोटोमाहानाच्या तळापर्यंत पोंचली. तप्त रस आणि सरोवराचें पाणी यांची गांठ पडतांच संपूर्ण तळ्याचा तळ आकाशांत उडाला. चिरेची एकंदर लांबी १७ किलोमीटर भरली. त्या रात्रीं तारावेरानें जो रस फेंकला तो आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्याच, म्हणजे बेसॉल्ट जातीचा होता. सह्याद्रीचे थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं निवले; तारावेराखालचा अग्नि मात्र जागा होता. आवाज दूर ऑकलंडपर्यंत तोफांच्या भडिमारासारखा ऐकूं गेला.

ते आरिकी आणि मोउरा हीं खेडीं माणसांसह नाहींशीं झालीं. ते वाइरोआवर चिखल, राख आणि दगड यांचा वर्षाव झाला. छपरें कोसळूं लागलीं. सोफियाच्या लहानशा, भक्कम उतरत्या छपराच्या झोंपडींत साठांहून अधिक माणसें दाटीवाटीनें उभीं राहिलीं आणि वांचलीं. हिनेमिहीच्या सभागृहांत ज्यांनीं आश्रय घेतला तेहि वांचले. वृद्ध तुहोतो आपल्या खोपटांत गाडला गेला. चार दिवसांनीं त्याला उकरून काढलें तेव्हां तो जिवंत होता, परंतु पुढें थोड्याच काळांत तो वारला. मृतांची संख्या निश्चित सांगतां येत नाहीं. ती सव्वाशेंच्या आसपास धरतात. त्यांत परकीय पाहुणे व रहिवासी थोडे. बाकी सारे माओरी. पाहुण्यांना दाखविण्यासाठीं जी भूमि त्यांनीं सांभाळली तिनेंच त्यांना पोटांत घेतलें.

सकाळीं प्रकाश फार उशिरां आला. जेथें सोपान होते तेथें वाफेनें भरलेली दरी होती. कांहीं वर्षांत ती दरी पाण्यानें भरली आणि आजचें रोटोमाहाना तयार झालें. तें पूर्वीच्या तळ्याच्या अनेक पट मोठें असून शंभर मीटरांहून अधिक खोल आहे. सोपान नष्ट झाले कीं गाडले गेले, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. २०११ सालीं सरोवराच्या तळाचा शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञांनीं गुलाबी सोपानाचा कांहीं भाग सांपडल्याचें सांगितलें. २०१६ सालीं बहुतांश सोपान नष्ट झाला असावा असें मत त्यांनीं दिलें. तर २०१७ सालीं दुसऱ्या दोन संशोधकांनीं होख्श्टेटरच्या रोजनिशींतील मोजमापांवरून तो सरोवराखालीं नव्हे तर कांठच्या जमिनीखालीं असावा असें प्रतिपादिलें. दीडशें वर्षांपूर्वींच्या एका पाहुण्यानें काळजीपूर्वक टिपून ठेविलेले आंकडे अशा रीतीनें आजहि बोलत आहेत. पेन्सिलीनें लिहिलेलीं नांवें मात्र कोठें गेलीं तें कोणी विचारीत नाहीं.

तुहोउरांगींचें घर गेलें, जमीन गेली आणि निर्वाहाचें साधनहि गेलें. त्यांच्यापैकीं कित्येकांना रोटोरुआजवळ व्हाकारेवारेवा येथें आप्तांनीं आश्रय दिला. तेथें उष्ण झरे होते, पोहुतू नांवाचें कारंजें होतें. आणि पाहुणे यावयाचे थांबले नव्हते. सोफियानें तेथें पुन्हां मार्गदर्शनाचें काम हातीं घेतलें व १९११ सालीं तिचा अंत झाला. हिनेमिहीचें सभागृह मात्र परदेशीं गेलें. गव्हर्नर लॉर्ड ऑन्स्लो यानें १८९२ सालीं तें ५० पौंडांस विकत घेतलें आणि इंग्लंडांतील आपल्या वाड्याच्या बागेंत नेऊन उभें केलें. ज्या छपरानें माणसें वांचविलीं तें एका सरदाराच्या उद्यानाची शोभा झालें. त्याचीं कोरीव लांकडें मायदेशीं परत पाठविण्याचें अलीकडच्या वर्षांत ठरलें आहे.

यानंतर कारभाराची सूत्रें बदललीं. त्याची तयारी उद्रेकापूर्वींच झाली होती. १८८० सालीं न्यायाधीश फेंटन यानें रोटोरुआच्या माओरींशीं करार करून गांव वसविण्यासाठीं जमीन भाड्यानें देण्याची व्यवस्था केली. १८८१ सालीं उष्ण झऱ्यांच्या प्रदेशाविषयीं कायदा झाला आणि तेथील जमिनीच्या व्यवहारावर सरकारचा अधिकार बसला. पुढें मंदींत भाडीं थकलीं आणि बरीचशी जमीन सरकारनें विकत घेतली. १८९४ सालीं ऑकलंडहून आगगाडी आली. १९०१ सालीं न्यूझीलंड सरकारनें पर्यटनाचें स्वतंत्र खातें काढलें. सरकारनें चालविलेलें असें हें जगांतील पहिलेंच खातें समजतात. १९०८ सालीं भव्य स्नानगृह उघडलें आणि युरोपांतील आरोग्यस्थानांप्रमाणें रोगी व हौशी लोक तेथें येऊं लागले. माओरींच्या वांट्याला आतां मार्गदर्शकाचें काम, नृत्य आणि हस्तकलेच्या वस्तूंची विक्री एवढेंच राहिलें. पुलावरून खालच्या प्रवाहांत नाणीं फेंकावीं आणि मुलांनीं बुडी मारून तीं काढावीं, हा खेळ त्याच काळचा.

परंतु या चौकटींतहि यजमानांनीं आपलें तेज सोडलें नाहीं. माकेरेती ही सोफियाच्या परंपरेंतील मार्गदर्शिका. तिनें १९०१ सालीं आलेल्या इंग्लंडच्या युवराजांना व्हाकारेवारेवा दाखविलें. पुढें ती इंग्लंडांत गेली, ऑक्सफर्डच्या विद्यापीठांत मानववंशशास्त्र शिकली, आणि आपल्याच लोकांच्या जुन्या जीवनाविषयीं प्रबंध लिहूं लागली. १९३० सालीं ती वारली. तिचें पुस्तक १९३८ सालीं प्रसिद्ध झालें. जिला पाहुणे ‘पाहण्यास’ येत असत तिनें लेखणी हातीं घेऊन आपल्या समाजाचें वर्णन आपणच केलें.

भूमि मात्र अधूनमधून आपली आठवण देत होती. १८८६ च्या चिरेच्या टोंकाशीं वाइमांगू, म्हणजे ‘काळें पाणी’, नांवाचें एक कारंजें १९०० सालीं सुरू झालें. त्यांतून काळ्या पाण्याचा व दगडांचा स्तंभ कधीं कधीं ४०० मीटरांहूनहि उंच उडे. जगांत इतकें उंच कारंजें दुसरें झालें नाहीं. लोकांच्या झुंडी तें पाहण्यास लोटल्या. १९०३ सालच्या ऑगस्टांत फार जवळ गेलेले चौघेजण त्याच्या प्रवाहांत सांपडून मेले. त्यांत जो वॉरब्रिक होता. १८८८-८९ सालीं परदेशाच्या दौऱ्यावर गेलेल्या माओरी रग्बी संघाचा हा कर्णधार आणि त्या प्रदेशाचा माहितगार. पुढच्याच वर्षीं, १९०४ सालीं, कारंजें कायमचें बंद पडलें.

एक उलट उदाहरणहि सांगितलें पाहिजे; कारण या इतिहासांत शहाणपणाचे प्रसंगहि आहेत. विसाव्या शतकांत रोटोरुआच्या घरांनीं व उपाहारगृहांनीं जमिनींत नळ्या घालून गरम पाणी उपसण्यास सुरुवात केली. पाणी फुकट, उष्णता फुकट! परिणाम असा झाला कीं, कारंजीं मंदावूं लागलीं. कांहीं बंद पडलीं. १९८६ सालीं सरकारनें पोहुतूच्या भोंवतालच्या दीड किलोमीटरांतील नळ्या बंद करण्याचा हुकूम काढला. नागरिकांनीं मोठा आरडाओरडा केला. पण पुढें जमिनीखालच्या पाण्याचा दाब हळूहळू वाढला आणि कारंजीं सावरलीं. आज पाहुणा पोहुतू उडतांना पाहतो तेव्हां आपण एका संयमाचें फळ पाहत आहों, हें त्याला क्वचितच ठाऊक असतें.

मालकीच्या प्रश्नाचेंहि असेंच. १९२२ सालीं सरोवरांचें स्वामित्व सरकारकडे गेलें, आणि मोबदला म्हणून ते आरावांच्या विश्वस्त मंडळाला वर्षाला ६,००० पौंड मिळूं लागले. पौंडाची किंमत घसरत गेली. रक्कम मात्र दीर्घकाळ तीच राहिली. अखेर २००६ सालीं कायदा होऊन तेरा सरोवरांचे तळ ते आरावांना परत करण्यांत आले. म्हणजे सोफियाच्या काळीं जो हक्क प्रत्यक्ष व्यवहारांत होता तो कागदावर परत येण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

आतां, आरंभीं सांगितल्याप्रमाणें, व्हाकारीकडे जाऊं. अग्नीनें जेथें प्रथम डोकें वर काढलें असें कथा सांगते तें हें बेट किनाऱ्यापासून सुमारें ५० किलोमीटरांवर आहे. येथेंहि सहली जात. ९ डिसेंबर २०१९ रोजीं तौरांगा बंदरांत सफरीचें एक मोठें जहाज लागलें होतें. त्यांतील कांहीं प्रवासी गाड्यांनीं व्हाकाताने या गांवीं आणि तेथून लहान बोटींनीं त्या बेटावर गेले. ज्वालामुखीच्या अस्वस्थतेचा सूचनांक तीन आठवड्यांपूर्वीं, १८ नोव्हेंबरला, एकावरून दोनवर नेलेला होता. तरी सहली चालूच होत्या. दुपारीं दोन वाजून अकरा मिनिटांनीं ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्या वेळीं बेटावर ४७ माणसें होतीं. त्यांपैकीं २२ मृत्यु पावलीं. त्यांत दोन स्थानिक मार्गदर्शकहि होते. पहिली मदत पोंचविली ती जवळच्या बोटींवरच्या लोकांनीं आणि स्वतःचा जीव धोक्यांत घालून बेटावर उतरलेल्या हेलिकॉप्टरचालकांनीं. किनाऱ्यावरच्या माओरींनीं त्या समुद्रावर परंपरेप्रमाणें ‘राहुई’, म्हणजे शोकाचा निर्बंध, घातला. त्या दिवसापासून बेटावर पाहुण्यांना नेणें बंद झालें.

श्रोतेहो, १८८६, १९०३ आणि २०१९ या तीन वर्षांवरून कोणी असा निष्कर्ष काढील, कीं अशा भूमीकडे जाऊंच नये. मला तसें म्हणावयाचें नाहीं. तेथें माणसें पिढ्यान्‌पिढ्या राहत आलीं आहेत. त्या वाफेवर त्यांनीं अन्न शिजविलें, त्या पाण्यांत मुलें न्हाऊं घातलीं. त्यांच्या वागण्यांत भूमीविषयीं एक सावध आदर होता. कोणतें कुंड स्नानाचें, कोणतें स्वयंपाकाचें, कोणत्या वाटेवर पाऊल टाकावयाचें नाहीं, हें त्यांना पूर्वजांकडून मिळालेलें ज्ञान होतें. ओढ्याचें पाणी अवेळीं चढलें तर तें त्यांच्या लक्षांत येई. पाहुण्याजवळ हें ज्ञान नसतें, आणि तें मिळविण्यास त्याला वेळहि नसतो. त्याच्याजवळ एक तिकीट असतें, आणि संध्याकाळच्या भोंग्याची घाई असते. ज्या सहलीचे पैसे आधींच भरलेले आहेत ती रद्द करावी असें सांगणें यजमानालाहि कठीण जातें आणि तें ऐकणें पाहुण्यालाहि जड जातें. या अवघडलेपणांतच संकटाचें बीज असतें.

म्हणून या वाटेनें जाणाऱ्यास मला दोनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली ही कीं, वाट दाखविणारा माणूस ‘येथून पुढें नको’ म्हणाला तर तें आपलें नुकसान न समजतां ती सहलीची सर्वांत मोलाची शिकवण समजावी. आणि दुसरी ही कीं, सोपानावर नांव लिहून येण्यापेक्षां सोपान दाखविणाऱ्याचें नांव विचारून यावें. सोफियाच्या झोंपडींत त्या रात्रीं जीं साठांहून अधिक माणसें वांचलीं, त्यांना त्या छपराखालीं शिरण्यासाठीं तिकीट काढावें लागलें नव्हतें.

संध्याकाळीं गाड्या परत बंदरावर येतात. प्रवासी जहाजावर चढतात, दिवे लागतात, आणि कठड्याशीं उभें राहून माणसें शेवटचें छायाचित्र घेतात. अंधार पडतां पडतां जहाज मावाओच्या पायथ्याजवळून समुद्रांत निघून जातें. डोंगर तेथेंच राहतो. आणि रोटोरुआच्या गांवांत, पाहुणे गेल्यानंतर, घरोघरच्या कुंडांवरची वाफ रात्रभर वर येतच असते.